स्टेंट ‘बसत नाही’ म्हणजे नेमकं काय?

पत्र : माझे वडील ७१ वर्षांचे. द्राक्षबाग स्वतः बघायचे, चाळीसेक वर्षं बिडी ओढत होते. एका पहाटे डाव्या कुशीतून आणि पाठीतून जोराची कळ आली. गावातल्या डॉक्टरांनी मुतखडा समजून इंजेक्शन दिलं, तासाभरात बरं वाटलं. दहाच्या सुमारास न्हाणीत चक्कर येऊन पडले. तालुक्याला सोनोग्राफी झाली, तिथून शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. सीटी करून त्यांनी सांगितलं, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटलीय, स्टेंट बसणार नाही, पोट उघडावं लागेल. भाऊ पुण्याहून निघाला होता, त्याचा फोन लागेना. मी सही केली. ऑपरेशन झालं, पण किडन्या बंद पडल्या आणि चौथ्या दिवशी वडील गेले. आता भाऊ म्हणतो मुंबईला न्यायला हवं होतं. त्याच्या सासऱ्यांना हेच झालं होतं, पुण्यात जांघेतून स्टेंट घातला आणि आठवड्याभरात ते चालत घरी आले. इथं मात्र सीटीत वेळ घालवला, बीपी ऐंशी असताना सलाइन हळू ठेवलं, आणि पैसेवाले दिसलो नाही म्हणून स्टेंट नाकारला, असं त्याचं म्हणणं. माझी सही चुकली का? आणि आता ६६ वर्षांच्या धाकट्या काकांना ४.७ सेंटीमीटरचा फुगा निघालाय, त्यांचं काय करायचं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

सीटीचा रिपोर्ट आणि रुग्णालयाचा सारांश सोबत पाठवलात ते फार बरं केलंत. नुसत्या पत्रावर मी चार सांत्वनाचे शब्द लिहिले असते, आणि ते तुमच्या काही कामाचे नव्हते. कागद दोनदा वाचले. तुमची सही चुकलेली नाही.

भावाचा समज असा दिसतो की तुमच्यासमोर स्टेंट आणि ऑपरेशन असे दोन पर्याय मांडले होते आणि तुम्ही भलताच उचललात. तसं नव्हतं. पोट उघडायचं की काहीच करायचं नाही, एवढाच प्रश्न तुमच्यापुढे होता. फुटलेल्या महाधमनीवर काहीच केलं नाही तर माणूस जवळपास हमखास जातो. स्टेंट त्या सीटीनं आधीच बाद केला होता. तो का बाद झाला हे तुम्हाला नीट कळलं तर भावाशी बोलणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाधमनी हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटीमीटर असते. ती तीनच्या वर गेली की आम्ही तिला ॲन्युरिझम म्हणतो, सोनोग्राफीवाल्यांनी तुम्हाला ‘फुगा’ म्हणून सांगितलं तेच. वडिलांचा फुगा ८.१ सेंटीमीटरचा होता. तो त्या पहाटे झालेला नव्हता, वर्षानुवर्षं मुकाट वाढत होता. बिडी-सिगारेट हे त्याचं सगळ्यात मोठं कारण, त्यानंतर वय, पुरुष असणं, रक्तदाब आणि घराण्याचा वारसा. (मधुमेह असलेल्यांत हा आजार उलट थोडा कमी आढळतो. मधुमेहाच्या खात्यावर जमा झालेली बहुधा ही एकच चांगली गोष्ट.)

याच्या स्टेंटची हृदयाच्या स्टेंटशी गल्लत करू नका. आपल्याकडे घरटी कुणाची तरी अँजिओप्लास्टी झालेली असते, त्यामुळे स्टेंट म्हटलं की दोन दिवसांत घरी, असं डोक्यात बसलंय. हृदयात अरुंद झालेली वाहिनी रुंद करायची असते. इथं रुंद झालेली वाहिनी तशीच ठेवून तिच्या आतून नवी वाट काढायची असते. कापडाची नळी, तिला धातूच्या तारांची कडी. ती मिटलेली नळी जांघेतल्या धमनीतून वर न्यायची आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या लगेच खाली उघडायची. वरचं टोक महाधमनीच्या चांगल्या भागात घट्ट बसतं, खालचे दोन फाटे दोन पायांकडे जाणाऱ्या धमन्यांत उतरतात. रक्त नळीतून वाहू लागतं, फुग्यातला दाब जातो आणि फाटलेल्या जागेतून होणारी गळती थांबते. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये पोटातल्या फुग्यावर हे पहिल्यांदा केलं. फुटलेल्या फुग्यावर तोच प्रयोग १९९४ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला झाला. म्हणजे तंत्र तसं तरुणच.

सगळं घोडं अडतं ते वरच्या टोकाशी. मूत्रपिंडांच्या धमन्या निघतात तिथपासून फुगा सुरू होईपर्यंत महाधमनीचा जो निरोगी तुकडा उरतो त्याला मान म्हणतात. तुमची बाग आहे म्हणून सांगतो. ठिबकच्या नळीत जॉइनर घालताना नळीचा थोडा तरी सरळ, न फुगलेला तुकडा हाताशी लागतो. तो नसेल तर जॉइनर कितीही भारी आणा, पाणी कडेनं येतंच. मानेचंही तसंच आहे. काही कंपन्यांच्या स्टेंटला दहा मिलिमीटर लांबीची मान चालते, बऱ्याच जणांना पंधरा लागते. तिचा बाक साठ अंशांच्या आत हवा, रुंदी तीस-बत्तीस मिलिमीटरच्या पुढे नको, भिंतीला चुन्याचा किंवा गुठळीचा जाड थर नको. शिवाय जांघेकडून वर येणाऱ्या धमन्या सहा-सात मिलिमीटर तरी मोकळ्या पाहिजेत, नाहीतर नळी आत शिरतच नाही.

वडिलांच्या रिपोर्टात मान ५ मिलिमीटर लिहिलीय आणि बाक ७५ अंश. यातली एकच अडचण असती तर, इकडे मरण समोर आहे म्हणून एखाद्या अनुभवी सर्जननं नियम थोडा ताणलाही असता. आणीबाणीत तसं करतात. दोन्ही एकत्र आल्यावर ताणायला काही उरत नाही. आधी ठरवून केलेल्या स्टेंटमध्ये वरच्या टोकाशी थोडं झिरपलं तर दुरुस्तीला सवड मिळते. फुटलेल्या फुग्यात तेच झिरपणं म्हणजे रक्तस्राव चालूच. पोटावर एक टाका नाही, नातेवाईक बाहेर खूश, आणि आत माणूस रिकामा होतोय.

लहान मानेसाठीही आता स्टेंट निघालेत, असं भाऊ म्हणेल. खरंय, निघालेत. मूत्रपिंडांच्या धमन्यांसाठी खिडक्या ठेवलेली नळी मिळते, पण ती त्या-त्या माणसाच्या सीटीवरून माप घेऊन बनवून घ्यावी लागते आणि त्यात आठवडे जातात. मोठ्या नळीच्या कडेनं छोट्या नळ्या सोडून मूत्रपिंडांची वाट राखायचीही एक पद्धत आहे. मोजक्या ठिकाणी, मोजक्या हातांना ती जमते. तिला वेळ जास्त लागतो, डाय (वाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडायचं औषध) जास्त लागतो. बीपी ऐंशीवर असलेल्या माणसावर ती करायला घेणं हा जुगार आहे, आणि मी असतो तर तो खेळलो नसतो.

पैशांचं एका वाक्यात सांगतो : हा स्टेंट महाग आहे, नुसत्या नळीचेच काही लाख होतात, पण ५ मिलिमीटरची मान करोडपतीलाही ५ मिलिमीटरचीच असते.

आता भावाच्या सासऱ्यांकडे येतो, कारण मला वाटतं सगळी ठिणगी तिथून पडलीय. ते बरे झाले, आनंदच आहे. पण त्यांच्यावरून वडिलांचा हिशेब मांडता येत नाही. ज्याची मान लांब आणि सरळ, त्याला स्टेंट मिळतो. आणि ज्याची मान लांब आणि सरळ, तो पोट उघडल्यावरही जास्त वेळा वाचतो, कारण महाधमनी बंद करण्याचा चिमटा मूत्रपिंडांच्या खाली लावायला सर्जनला जागा मिळते. स्टेंटवाले मुळातच सोप्या बाजूला उभे असतात. त्यांची आणि उरलेल्यांची तुलना केली की स्टेंट जादूसारखा दिसणारच.

याच शंकेपायी ब्रिटनमध्ये ‘इम्प्रूव्ह’ नावाचा मोठा अभ्यास झाला. २००९ ते २०१३, तीस रुग्णालयं, ६१३ रुग्ण. महाधमनी फुटल्याचं निदान डॉक्टरांनी नुसतं तपासून केलं की लगेच चिठ्ठी काढून गट ठरवायचा. एका गटात सीटी करून जमलं तर स्टेंट, नाही जमलं तर पोट उघडायचं. दुसऱ्या गटात पोटच उघडायचं. तीस दिवसांत पहिल्या गटातले ३५.४ टक्के गेले, दुसऱ्यातले ३७.४. म्हणजे फरक नाहीच म्हणा. आणि पहिल्या गटातही साधारण तिघांत एकाची रचना स्टेंटला चाललीच नाही. वडील त्या तिसऱ्यांतले. पुढे याच अभ्यासातून मानेची लांबी आणि मृत्यू यांचं नातंही निघालं : मान जितकी आखूड तितके मृत्यू जास्त.

याउलट ॲमस्टरडॅमच्या अभ्यासात आधी सीटी करून, दोन्ही उपचार चालतील असेच रुग्ण घेतले. ५२० पैकी जेमतेम ११६ चिठ्ठीपर्यंत पोचले. तिथं तीस दिवसांतले मृत्यू स्टेंटवाल्यांत २१ टक्के आणि पोट उघडलेल्यांत २५ टक्के. ब्रिटनपेक्षा दोन्ही आकडे किती खाली आहेत बघा! डच सर्जन चांगले असतीलही, पण मोठं कारण हे की अवघड माणसं दारातच गाळली गेली होती. हे भावाला जरूर वाचून दाखवा. त्याचे सासरे त्या ११६ जणांसारखे होते, तुमचे वडील उरलेल्यांसारखे.

मग स्टेंटचं एवढं कौतुक कशाला, असं तुम्ही विचाराल. कौतुक वाजवी आहे, फक्त ते ज्याला बसतो त्याच्यापुरतं आहे. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात वाचलेल्यांपैकी स्टेंटच्या गटातले ९४ टक्के थेट आपल्या घरी गेले, दुसऱ्या गटातले ७७ टक्के. बाकीच्यांना दुसऱ्या रुग्णालयात किंवा शुश्रूषेच्या जागी जावं लागलं. तीन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातले ४८ टक्के गेले होते, दुसऱ्यातले ५६. बायकांना फायदा जास्त दिसला. पूर्ण भूल न देता नुसती जांघ बधिर करून ज्यांना स्टेंट घातला ते तर बरेच जास्त वाचले. पूर्ण भूल दिली आणि पोटाचे स्नायू ढिले पडले की आतल्या गुठळीवरचा दाब जातो आणि बीपी धाडकन खाली येतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये लिहून टाकलं की रचना चालत असेल तर फुटलेल्या फुग्याला पहिली पसंती स्टेंटची. उपचारांचे मार्गदर्शक नियम ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०२० मध्ये त्यात आणखी बारकावा आणला : सत्तरीपुढचे पुरुष आणि कोणत्याही वयाच्या बायका यांना बहुधा स्टेंट बरा, सत्तरीच्या आतल्या पुरुषांना बहुधा उघडी शस्त्रक्रियाच बरी. वडील ७१ चे, म्हणजे वयानं स्टेंटकडे झुकणारे. मानेनं ते होऊ दिलं नाही.

किडन्या का गेल्या, हेही याच मानेशी येऊन थांबतं. सारांशात एक ओळ आहे की चिमटा मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वर लावावा लागला. पाच मिलिमीटरच्या मानेत दुसरीकडे तो लावणार कुठे? जोडाचे टाके पूर्ण होईपर्यंत मूत्रपिंडांना रक्त बंद. त्याआधी बीपी कोसळून ती अर्धमेली झालेलीच होती. रुग्णालयात पोचले तेव्हाच वडिलांचं क्रिएटिनिन (किडन्या कमी पडल्या की रक्तात वाढणारा आकडा) २.४ होतं आणि हिमोग्लोबिन ८.२. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये पाच खुणा मांडल्या होत्या : ७६ च्या पुढचं वय, हिमोग्लोबिन ९ च्या खाली, क्रिएटिनिन साधारण २.१ च्या वर, दवाखान्यात आल्यानंतर बेशुद्ध पडणं आणि ईसीजीत हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. त्यांच्या रुग्णांत ज्यांना यांतल्या तीन किंवा जास्त होत्या त्यांतलं कुणीही वाचलं नव्हतं. वडिलांना सीटीच्या टेबलावर पुन्हा शुद्ध गेल्याची नोंद आहे, म्हणजे त्यांच्यात तीन भरल्या. आता हा नियम तितका कडक मानत नाहीत, तीन खुणांचीही माणसं वाचलेली पाहिली आहेत. पण त्या सर्जननं टेबलावर घेतलं तेव्हा पारडं कुठे झुकलेलं होतं हे तुम्हाला माहीत असावं. अशा रुग्णाला ‘आमच्याकडे सोय नाही, पुढे न्या’ म्हणून वाटेला लावणं फार सोपं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याची नोंद मी तरी घेईन.

मुंबईचं म्हणाल तर सांगलीहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, पुणंसुद्धा दोनशेच्या वर. अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेनं घालून दिलेली मर्यादा अशी, की डॉक्टरांच्या पहिल्या गाठीपासून उपचार सुरू होईपर्यंत नव्वद मिनिटं. तुम्ही त्यांना निपाणीला नेलं असतं की कराडला, हा वाद मी समजू शकतो. मुंबई हा वाद नव्हेच. रुग्ण शुद्धीवर आहे, बीपी टिकून आहे, तास-दीड तासावर दोन्ही सोयी असलेलं रुग्णालय आहे आणि तिथल्या सर्जननं सीटीची चित्रं मोबाइलवर बघून ‘पाठवा, टीम थांबवतो’ म्हटलंय, अशा वेळी न्यावंच. यातलं एकही नसेल तर रुग्णवाहिकेत काय होतं ते मी लिहीत नाही. शिवाय दूर नेल्यानं मान काही लांब होत नाही.

आणि मोठ्या शहरात तरी सगळीकडे हे होतं असं समजू नका. रात्री दोन वाजता वेगवेगळ्या मापांच्या नळ्या कपाटात हव्यात, त्या घालणारा आणि वेळ पडली तर पोट उघडू शकणारा असे दोन्ही हात इमारतीत हवेत, महाधमनी तात्पुरती आतून बंद करणारा बलून तयार हवा. पाटीवर ‘सुपरस्पेशालिटी’ असलं म्हणजे हे असतंच असं नाही.

सीटीत वेळ घालवला, हा आरोप मी बऱ्याच कुटुंबांकडून ऐकतो, आणि तो सहज पटतो. पण जो माणूस रुग्णालयापर्यंत जिवंत पोचतो त्याचं रक्त बहुतेकदा पाठीमागच्या बाजूला कोंडलेलं असतं, पोटात मोकळं सुटलेलं नसतं. इंग्लंडातल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये शस्त्रक्रिया न झालेल्या अशा रुग्णांचा वेळ मोजला होता. रुग्णालयात आल्यापासून आठांतले सात जण दोन तासांहून जास्त जगले. म्हणजे दहा मिनिटांच्या सीटीला जागा असते. आणि सीटीशिवाय स्टेंट बसतो की नाही हे कळणार कसं? स्टेंट का नाही घातला आणि सीटी का केली, या दोन तक्रारी एका तोंडानं करता येत नाहीत. भावाला हे माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल.

सलाइनचंही तसंच. सारांशात सिस्टरनं लिहिलेल्या नोंदी आहेत : ११.५० ला बीपी ८४, रुग्ण नाव सांगतो, सलाइन डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळू. बारा वाजता ८२, नाव सांगतो. हा हलगर्जीपणा नव्हे, हीच पद्धत आहे. बीपी सलाइननं एकशेवीसवर चढवलं तर कोंडलेली गुठळी निसटते आणि पातळ झालेलं रक्त गोठत नाही. माणूस शुद्धीत बोलतोय तोवर वरचं बीपी ७० ते ९० मध्ये राहू देतात. ७० च्या खाली गेलं तर मात्र धोका वाढतो. ब्रिटनच्या अभ्यासात ज्यांचं ते ७० च्या खाली गेलं त्यांतले ५१ टक्के दगावले. म्हणून ती सिस्टर दर दहा मिनिटांनी नाव विचारत होती.

मग वेळ कुठेच गेला नाही का? गेला. पहाटे साडेपाचला कळ आली आणि सोनोग्राफी अकराच्या आसपास झाली. साठी उलटलेल्या, बिडी ओढणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘मुतखड्याची’ कळ आली, तर महाधमनी बघितल्याशिवाय त्याला मुतखडा म्हणू नये, असं आम्हाला शिकवतात. ते लक्षात राहत नाही, कारण शंभर कळांमागे बहुतेक मुतखडेच असतात. इंजेक्शननं बरं वाटलं म्हणून निदान बरोबर ठरत नाही. तुमच्या गावातल्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका, पण जाऊन सांगा नक्की. चांगला डॉक्टर असेल तर तो ही गोष्ट पुढची वीस वर्षं विसरणार नाही. तेव्हाच सोनोग्राफी झाली असती तर वडील वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही. मान तेव्हाही पाचच मिलिमीटर होती. पण मूत्रपिंडं शाबूत असताना ते टेबलावर गेले असते.

आता काका. त्यांच्या बाबतीत घाबरून काही करू नका आणि आळसही करू नका. ४.७ सेंटीमीटरच्या फुग्यावर लगेच शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही. ब्रिटनमध्ये ४ ते ५.५ सेंटीमीटरच्या १,०९० लोकांवर याचा अभ्यास झाला, १९९८ मध्ये निष्कर्ष आले : लवकर ऑपरेशन केलेले आणि नुसतं लक्ष ठेवलेले, दोघांचं जगणं सारखंच. पुरुषांत ५.५ झाला, बायकांत ५ झाला, किंवा वर्षात एक सेंटीमीटरहून जास्त वाढला की मग शस्त्रक्रियेचं बोलायचं. काकांची सोनोग्राफी सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच मशीनवर, त्याच हातांनी. बिडी आजपासून बंद, याला पर्याय नाही. बीपी ताब्यात, आणि डॉक्टरांना स्टॅटिनची (कोलेस्टेरॉलवरची) गोळी विचारा. एक गोष्ट औषधांच्या दुकानाशी संबंधित आहे : लघवीला जळजळ किंवा जुलाब झाले की सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन सर्रास दिलं जातं. ज्यांना असा फुगा आहे त्यांनी दुसरं औषध चालत असेल तर ही टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये दिलेला आहे. काकांच्या फाइलीवर हे लाल अक्षरात लिहून ठेवा.

फुगा पाचच्या पुढे सरकला की एकदा सीटी अँजिओ करून मान मोजून घ्या. वडिलांची मान आखूड निघाली म्हणून काकांचीही तशीच असेल असं नाही, पण आखूड निघालीच तर त्यांच्या मापाची खिडक्यांची नळी बनवून घ्यायला तेव्हा वेळ असेल. वडिलांना तो मिळाला नाही. लांब निघाली तर स्टेंटवर उडी मारू नका, स्टेंट घालणारा आणि पोट उघडणारा, दोघांची मतं घ्या. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत धोका किती कमी असतो ते पाहा : २००४ मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात तीस दिवसांतले मृत्यू स्टेंटमध्ये १.७ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के. मात्र त्याच लोकांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की स्टेंटचा सुरुवातीचा फायदा पुढे टिकत नाही, आणि आठ वर्षांनंतर तर स्टेंटवालेच मागे पडतात, कारण काहींची नळी झिरपते, सरकते, फुगा पुन्हा फुटतो. स्टेंट घेणाऱ्यानं जन्मभर दरवर्षी तपासणीला जायचं असतं. सासऱ्यांनाही याची आठवण करून द्या, आठवड्यात घरी आलेली माणसं हे हमखास विसरतात.

राहिला भाऊ. तो ५२ चा आहे आणि सिगारेट ओढतो, असं पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय. युरोपातल्या तज्ज्ञांचं म्हणणं असं की आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा फुगा निघाला असेल तर पन्नाशीनंतर, पुरुष असो की बाई, एकदा सोनोग्राफी करून घ्यावी आणि दहा वर्षांनी पुन्हा. तुम्ही ४७ च्या, तुम्हाला तीन वर्षं अवकाश आहे. त्यानं मात्र याच आठवड्यात जावं. सकाळी उपाशीपोटी, दहा मिनिटांचं काम. चिठ्ठीवर ‘महाधमनीचं माप’ असं स्पष्ट लिहून न्यावं आणि रिपोर्टात आकडा सेंटीमीटरमध्ये मागावा. नुसतं ‘नॉर्मल’ लिहून दिलं तर घेऊ नये. पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत कित्येकदा महाधमनीकडे कुणी पाहिलेलंच नसतं.